अकरा खिडक्या

९ एप्रिल, सोमवार

मानेचं पार लाकूड झालंय. आठ तास पडद्याकडे बघून आता ही वहीसुद्धा थरथरतेय असं वाटतं.

बोर्डाची तपासणी सुरू झाली. पण या वर्षी कागद नाही, लाल पेन नाही, गठ्ठे नाहीत — सगळं संगणकावर! मोठ्या हॉलमध्ये चाळीस मशीन आणि चाळीस मास्तर-मास्तरणी. विज्ञानाचे आम्ही सहा. उत्तरपत्रिका दुसरीकडेच कुठेतरी स्कॅन होतात आणि आमच्यासमोर एकेक उघडतात, प्रत्येक पोराची वेगळी खिडकी. नाव नाही, शाळा नाही, वर नुसता दहा आकडी नंबर. उजव्या बाजूला चौकटी. प्रश्न वाचायचा, चौकटीत मार्क टाकायचे, सगळं झालं की खिडकी बंद. बंद करताना मशीन विचारतं, "ही उत्तरपत्रिका पूर्ण झाली का?" हो म्हटलं की गेली! पुन्हा तोंड दिसत नाही.

सव्वीस वर्षं तपासतेय मी. रिटायर व्हायला एक वर्ष उरलं आणि आता म्हणे नव्यानं शिका. लेकीनं काल फोनवर शिकवलं — आल्ट आणि एफ-फोर एकदम दाबायचं, खिडकी फट्‌कन बंद. मग एंटर, म्हणजे 'हो'. "आई, तो माऊस घेऊन कोपऱ्यातली फुली शोधत बसू नकोस. लोकांना झोप येईल." सगळ्यांना माझ्याच वेळी घाई असते.

शेजारच्या खुर्चीत कोण? कात्री! दुसऱ्या शाळेतले विज्ञानाचे सर. हे नाव मीच ठेवलंय, पंधरा वर्षांपूर्वी. अर्ध्या मार्काचेही दोन तुकडे करतील असा माणूस. मला बघून म्हणाले, "या बाई. दानधर्म सुरू करा."

१० एप्रिल

बोलणी खाल्ली. सगळ्यांसमोर!

माझी एक पद्धत आहे आणि ती मी मेले तरी सोडणार नाही. पास-नापासाच्या काठावरचं पोर असलं की त्याचा शंकेचा प्रश्न मी तपासत नाही. चौकट कोरी ठेवायची आणि पेपर बाजूला पालथा घालायचा. संध्याकाळी सगळे पालथे पेपर सुलटे करायचे, शांत डोक्यानं वाचायचे, मग मार्क. हे मला कोणी शिकवलेलं नाही. पहिल्या वर्षी सासूबाईंशी कडाक्याचं भांडून तपासायला बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पेपर सहज चाळले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी दोन दिले होते त्याला डोळे झाकून सहा द्यायला हवे होते. त्या पोराला काय माहीत आमच्या घरी काय झालं ते? तेव्हापासून काठावरचा पेपर रागात तपासत नाही, उपाशी पोटी तपासत नाही.

आता पडद्यावर पालथं काय घालणार! म्हणून काल मी माझी युक्ती काढली. काठावरच्या पोराची खिडकी बंदच करायची नाही. खालच्या पट्टीवर बसवून ठेवायची आणि पुढची उघडायची. आज अशा सहा होत्या. आणि केंद्रप्रमुख मागे येऊन कधी उभा राहिला मला कळलंसुद्धा नाही. रबरी तळव्याचे बूट घालतो. मी त्याला मांजर म्हणते.

"बाई, किती खिडक्या उघड्या ठेवल्यात? एका वेळी एकच. नियम आहे."

का, तर दुसऱ्या एका केंद्रावर कोणीतरी एका पोराचे मार्क दुसऱ्याच्या खिडकीत टाकले. एकानं शेण खाल्लं म्हणून चाळीस जणांची तोंडं हुंगायची! मी म्हटलं, "सर, संध्याकाळी सगळ्या पुऱ्या करूनच उठते ना." तर म्हणे, "पुन्हा दिसल्या तर तपासणीतून काढावं लागेल. शाळेत पत्र जाईल." हे सगळं खणखणीत आवाजात. कात्री मान खाली घालून हसत होते. मला दिसलं.

तो पुढे गेल्यावर सहाही नीट वाचून पुऱ्या केल्या. चार पास झाले, दोन नाही. पण कोणावर अन्याय नाही!

११ एप्रिल

आज तीनच खिडक्या मागे ठेवल्या. मांजर दोनदा येऊन गेलं, दोन्ही वेळा वेळेवर दिसलं.

शेवटचा प्रश्न पंधरा मार्कांचा आहे — हृदयाची आकृती काढून कार्य लिहा. सगळी गंमत तिथेच. एकानं बटाटा काढलाय आणि त्याला चार खोल्या केल्यात. एकीनं लिहिलंय, हृदय हे शरीरातील सर्वात कष्टाळू अवयव असून त्याला सुट्टी नसते. बाई गं, तुला एक मार्क नुसता त्या वाक्याला! कात्रींना वाचून दाखवलं. "शास्त्र कुठाय त्यात?" म्हणाले. या माणसाच्या बायकोची मला दया येते.

१२ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगू?

आजचा गठ्ठाच वाईट होता. (गठ्ठा कसला — पण मी तसंच म्हणणार.) सगळी पोरं काठावर. बाकीच्या पंचाऐंशी मार्कांत कोणाचे तीस, कोणाचे एकतीस. पास व्हायला पस्तीस. म्हणजे सगळं त्या हृदयावर. तिथे चार-पाच मिळाले तर पोरगं तरलं, नाहीतर वर्ष गेलं. आणि उत्तरं अशी की एकदा वाचून पाच द्यावेत, दुसऱ्यांदा वाचून तीन. मी आपली एकेक खिडकी पट्टीवर बसवत गेले. हृदयाची चौकट कोरी. साडेतीनपर्यंत अकरा झाल्या. म्हटलं, चार वाजता चहा पिऊ आणि निवांत बसू.

तेवढ्यात कात्री पुटपुटले, "आले! वरचे आलेत, चार-पाच जण." बघते तर दाराशी मांजर, आणि सोबत सूटबुटातले पाहुणे. पहिल्या रांगेतून सरळ आमच्याकडेच. मांजरानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं!

आल्ट, एफ-फोर, हो. आल्ट, एफ-फोर, हो. बोटं आपोआप चालली. फट्‌ फट्‌ फट्‌. अकरा खिडक्यांना पंधरा सेकंद लागले असतील नसतील. काय करतेय ते मला कळत होतं का? कळत होतं! खोटं कशाला लिहू? तिसऱ्या-चौथ्या खिडकीला स्पष्ट कळलं की ही पुन्हा उघडणार नाही. तरी दाबत राहिले. वर्गात पोरांना सांगते, घाबरू नका, घाबरलं की हातून चुका होतात. आणि मी सत्तावन्न वर्षांची घोडी!

पाहुणे माझ्या मागे थांबले. त्यातला एक माझ्या रिकाम्या पडद्याकडे बघून म्हणाला, "छान. स्वच्छ काम आहे बाईंचं."

ते गेल्यावर कात्रींना विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं — चौकट कोरी राहिली आणि बंद झाली तर काय होतं हो? "काय व्हायचंय? कोऱ्याला शून्य. इतकी वर्षं दुसरं काय होत होतं?"

शून्य. म्हणजे अकराच्या अकरा नापास. माझ्या बोटांनी.

१३ एप्रिल

नंबर लिहून ठेवलेले नाहीत. दहा आकडी अकरा नंबर कोणाच्या लक्षात राहणार!

हॉलच्या मागच्या खोलीत मशीनवाला बसतो. चांगला आहे, सगळ्यांना "बाई, पाणी प्या" म्हणतो. त्याला म्हटलं, काल माझ्याकडून चुकून काही खिडक्या बंद झाल्या. उघडून देतोस का? त्यानं मान हलवली. "माझ्या हातात नाही, बाई. पासवर्ड मोठ्या सरांकडे. आणि तोही असाच नाही उघडत. तुम्हाला लेखी द्यावं लागेल — अमुक दिवशी मी इतक्या उत्तरपत्रिका अपुऱ्या तपासून बंद केल्या, असं. खाली सही." मग हळूच म्हणाला, "द्यायचंय का?"

मी "बघते" म्हणाले. आणि येऊन खुर्चीत बसले. चहासुद्धा गोड लागला नाही. गोड काय, लागलाच नाही.

१४ एप्रिल, शनिवार

ह्यांना सांगितलं. चूक झाली.

हे खिडकीपाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. पेन खाली ठेवलं नाही. "किती म्हणालीस? अकरा? अगं, लाखभर पोरं बसली असतील परीक्षेला! त्यात अकरा म्हणजे काय?" मी म्हटलं, त्या अकरांना विचारा काय ते. तर म्हणे, "तू तोंड उघडलंस तर तुझीच फजिती होईल. एक वर्ष राहिलंय. उगाच आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. गप्प बस, चार दिवसांनी विसरशील." आणि लगेच, "पाणीपुरवठ्याच्या कामातला चार अक्षरी शब्द सांग."

सगळा जन्म त्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात काढला या माणसानं, आणि एकदाही स्वतःच्या अंगावर काही घेतलं नाही. फाईल आली की पुढच्या टेबलावर. घरातही तसंच. लेकीचं शिक्षण — "तू बघ." माझ्या आईचं आजारपण — "तुझे भाऊ आहेत ना?" आता ही अकरा पोरंही पुढच्या टेबलावर!

मला "नळ" सुचलं, पण ते दोनच अक्षरी होतं. सांगितलं नाही.

१५ एप्रिल, रविवार

सकाळी पोळ्या टाकून दिल्या आणि ही वही घेऊन बसले. अकराही पोरं आठवायची ठरवलं. नंबर नाहीत, नावं नाहीत. अक्षर आहे. अक्षर मी विसरत नाही.

एकाचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, वारं लागल्यासारखं. त्यानं आकृतीत डावं-उजवं उलटं केलं होतं, पण रक्त कुठून येतं कुठे जातं ते बरोबर. त्याला मी सहा दिले असते. नक्की. एकीनं इतकं खोडलंय की कागदाला भोक पडलं, आणि भोकाच्या कडेनं बाण काढलाय — "कृपया इथून पुढे वाचावे". एकानं रक्ताभिसरण म्हणजे डेपोतून सुटणारी बस असं लिहिलं होतं, भरलेली जाते आणि रिकामी परत येते. चूक काय त्यात? एका पोरानं आकृतीच काढली नाही. त्याऐवजी लिहिलं — माझ्या मामांचं हृदय मोठं झालं आहे, डॉक्टरांनी सांगितलं की पंपाला जोर पडतो, म्हणून भिंत जाड होते. हे पुस्तकात नाहीच! हे त्यानं दवाखान्यात उभं राहून ऐकलंय. त्याला शून्य.

"वेळ संपला" असं लिहून वाक्य अर्धं सोडलेला एक. मुंगीएवढ्या अक्षराचा एक. जाड निळ्या पेनानं सगळ्या मथळ्यांना दोन-दोन रेघा मारणारी एक, तिच्यात मला उगाच आमची लेक दिसली. 'झडप' शब्द चार ठिकाणी चार तऱ्हेनं लिहिणारा. आणि एक, ज्यानं शेवटी लिहिलंय, "मला हे काल येत होतं."

नऊ झाले.

दोन आठवत नाहीत. दुपारभर डोकं खाजवलं. काही नाही! कोऱ्या भिंतीकडे बघावं तसं. नऊ पोरांचं वाईट वाटायला निदान काहीतरी आहे. त्या दोघांसाठी मला वाईटसुद्धा नीट वाटून घेता येत नाही.

१६ एप्रिल

एका वेळी एकच खिडकी. मांजर खूष. "आता कसं!" म्हणाला.

प्रत्येक वेळी 'हो' दाबताना बोट अडतं.

१७ एप्रिल

लेकीचा फोन. ह्यांनी तिला आधीच लावलेला दिसला. पहिलं वाक्य काय, तर, "आई, एकाच वेळी इतक्या खिडक्या उघड्या ठेवायच्याच कशाला?"

झालं! मी पण सुटले. म्हटलं, तुझ्या त्या आल्ट-एफ-फोरनंच घात केला. माऊस घेऊन फुली शोधत बसले असते तर दोन बंद झाल्या असत्या, तीन झाल्या असत्या, तेवढ्यात पाहुणे येऊन उभे राहिले असते आणि बाकीच्या आठ वाचल्या असत्या! तर म्हणाली, "म्हणजे आता माझी चूक?" मी म्हटलं, हो, तुझीच. तुझी, तुझ्या बाबांची, मांजराची, सगळ्यांची.

मग म्हणाली, "आई, सांगून टाक जाऊन. काय होईल ते होईल. नाहीतर तू वर्षभर आम्हाला सुखानं जगू देणार नाहीस."

तिखट जिभेची आहे. माझीच लेक.

पण मनात म्हटलं, खरंय. हे "गप्प बस" म्हणतात तेव्हाच समजायला हवं होतं की बोललं पाहिजे. आयुष्यभराचा अनुभव आहे. ज्या बाजूला हे, त्याच्या उलट्या बाजूला शहाणपण!

१८ एप्रिल

दिलं. लिहून दिलं.

सकाळी हॉल उघडायच्या आधीच मांजराच्या खोलीत गेले. अर्ज घरूनच लिहून नेला होता, साडेसात ओळींचा. दिनांक बारा रोजी मी अकरा उत्तरपत्रिकांमधील शेवटचा प्रश्न न तपासता त्या बंद केल्या. चूक माझी आहे. त्या पुन्हा उघडून तपासल्या जाव्यात. सही.

त्यानं वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग उठून दार लावून घेतलं. मला वाटलं आता ओरडणार. तर आवाज एकदम मऊ. "बाई, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग? झालं ते झालं. हा कागद घरी घेऊन जा. दोन दिवस विचार करा."

मी म्हटलं, सर, यात विचार काय करायचा? पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे. त्यावर म्हणाला, "नियमानं मला जास्त बोलता येत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर गप्प राहिलो असतो. एवढंच सांगतो."

असा संताप आला! याच माणसानं मला सगळ्या हॉलसमोर दम भरला. नियम, नियम! आणि आता केंद्राचं नाव खराब होईल म्हणून नियम गुंडाळून खिशात? वर गेलेला कागद यालाही चिकटेल ना! मी अर्ज त्याच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "तुम्ही गप्प राहिला असतात यात मला शंकाच नाही." आवक क्रमांक टाकून घेतला. पोच घेतली. शिक्का नीट उमटला नव्हता, तो पुन्हा मारायला लावला!

बाहेर आले. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. सत्तावन्न वर्षांत एक काम असं केलं की ज्यात माझा फायदा शून्य.

१९ एप्रिल

तपासणीतून मुक्त. चौकशी होईपर्यंत शाळेत हजर राहावे. दोन ओळींचं पत्र.

ह्यांनी कपाळावर हात मारला. "आली का अक्कल?" आली. ह्यांची नाही आली.

२० एप्रिल

ओळखपत्र परत द्यायला केंद्रावर गेले. मशीनवाल्यानं ते घेतलं, यादीतलं नाव खोडलं, सही घेतली. मी विचारलं, माझ्या त्या अकरा कोण तपासतंय? सांगायचं नसतं, म्हणाला. पण डोळे माझ्या जुन्या खुर्चीच्या शेजारी गेले.

कात्री!

देवा, चाळीस माणसं होती त्या हॉलमध्ये. विज्ञानाचे आम्ही सहा. मी गेले, पाच उरले. आणि पाचांत तोच सापडला? मामाच्या हृदयाची भिंत जाड झालीय हे वाचून तो काय म्हणणार ते मला इथूनच ऐकू येतं. "शास्त्र बरोबर आहे, पण आकृती कुठाय?" खाट्‌. एक मार्क.

दारात गाठलं त्यांना. म्हटलं, सर, त्या अकरांमध्ये एक बसवाला आहे, एक मामावाला आहे, जरा... "बाई," ते म्हणाले, "मला काही सांगू नका. मी ऐकलंही नाही." बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या जागी मीही ऐकलं नसतं. म्हणून आणखीच राग आला.

२२ एप्रिल

मनाची समजूत घालतेय. शून्यापेक्षा काहीही बरं. कात्री झाला तरी माणूस आहे. अकरांतले चार तरी काढेल. पाच काढेल. मी गप्प राहिले असते तर एकही निघाला नसता. एकही नाही!

३ मे

शाळेत पत्र पोचलं. मुख्याध्यापकांनी बोलावलं, पाणी विचारलं, आणि वरचा वर्ग काढून घेतला. "चौकशी चालू असताना तुम्हाला बोर्डाचा वर्ग देता येत नाही, बाई. माझा नाइलाज आहे." शेवटचं वर्ष मी खालच्या वर्गांना गाळलेल्या जागा भरायला शिकवणार. शिक्षकांच्या खोलीत गेले तर बोलणी एकदम थांबली. मग सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली माझ्या विषयाची बाई जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वतःहून का सांगितलंत? कळलंच नसतं."

सगळ्यांचं एकच पालुपद. जणू कळणं हीच काय ती चूक!

तिला म्हटलं, तुझ्या पोराचा पेपर असता तर? टिपणांची वही मागायला आली होती, तीही दिली. माझी सव्वीस वर्षांची टिपणं. आता तिला लागतील, मला कशाला.

२ जून

निकाल लागला. सकाळपासून शाळेत पोरांची रीघ, पेढ्यांऐवजी चॉकलेटं वाटत होती. दोन मी खाल्ली. आमच्या पोरांचा निकाल चांगला आहे, पण माझं लक्ष तिथे नव्हतंच. कुठल्यातरी दुसऱ्या शाळेच्या फळ्यापाशी तो बसवाला उभा असेल. "मला हे काल येत होतं" उभा असेल. मला ते कधीच कळणार नाही. आणि ते दोघं, जे मला आठवत नाहीत, तेही.

पण आज कडू नाही लिहिणार. कितीही निघाले असोत, ते माझ्यामुळे निघाले. वर्ग गेला, मान गेला, नवऱ्याचं ऐकून घेतलं, ते फुकट नाही गेलं. संध्याकाळी हे म्हणाले, "आज बरी दिसतेस." म्हटलं, मी बरीच आहे.

९ जून

चौकशीचा निकाल आला. लेखी ताकीद, आणि तीन वर्षं तपासणीला बंदी. सोबत तक्ता, अकरा ओळींचा.

पहिल्या रकान्यात नंबर. दुसऱ्यात 'बंद करतेवेळी एकूण'. ३५, ३६, ३६, ३५, ३५, ३६... अकराच्या अकरा पास. वाटलं, दुसऱ्याच कोणाचा कागद आला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय — परीक्षकाने प्रश्न कोरा सोडल्यास संगणक त्या विद्यार्थ्याच्या इतर गुणांच्या सरासरीने गुण देतो व तेच कायम राहतात. परीक्षकाने स्वतः लेखी कळवल्यासच फेरतपासणी होते.

तिसऱ्या रकान्यात 'फेरतपासणीनंतर'. ३२, ३१, ३५, ३३, ३१... आठ नापास.

मी लिहून दिलं नसतं तर एकही नाही.

हे विचारतायत, "काय लिहिलंय गं?" ताकीद दिली म्हटलं. बाकी काही नाही.